परदेशी लष्करी प्रशिक्षण मोहिमेचे टिपण कसे तयार करावे

वाशीम जिल्ह्यातील आमच्या गावच्या अभ्यासिकेत संध्याकाळी बसणारी मुले-मुली लष्करी अधिकारी होण्यासाठी किंवा लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी तयारी करतात. अस्थिर राष्ट्राच्या सैन्याला बाहेरच्या देशांनी प्रशिक्षण दिल्याने काय साधते, असा प्रश्न सराव मुलाखतीत विचारला की बहुतेक जण "इतक्या हजार सैनिकांना प्रशिक्षण दिले" एवढे सांगून थांबतात, आणि मला त्याची मनापासून हळहळ वाटते, कारण खरा विषय त्या आकड्यानंतर सुरू होतो. एका मोहिमेचे चार पानी टिपण करताना मी त्यांना जो क्रम सांगतो, तो येथे देत आहे.

आधी मोहिमेचा प्रकार ओळखावा. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आणि प्रशिक्षण मोहीम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काँगोमध्ये शांतिसेनेत गेलेल्या भारतीय जवानांवर नागरिकांच्या संरक्षणाची जबाबदारी असते व त्यासाठी त्यांना शस्त्र वापरता येते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०१३ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील माली या देशात सुरू केलेल्या मोहिमेतील प्रशिक्षकांना मात्र लढाईत उतरण्याचा अधिकारच नव्हता. अफगाणिस्तानात नाटोने १ जानेवारी २०१५ पासून जी मोहीम चालवली, तिचे घोषित काम प्रशिक्षण, सल्ला आणि साहाय्य हे होते. भूतानमधील 'हा' नावाच्या ठिकाणी १९६०च्या दशकापासून असलेले भारतीय लष्कराचे प्रशिक्षण पथक या यादीत घालू नये. तो दोन शेजाऱ्यांमधील दीर्घ विश्वासाचा संबंध आहे आणि भूतान हे कोसळण्याच्या बेतात असलेले राष्ट्र नाही.

त्यानंतर मोहीम का सुरू झाली, ते एका परिच्छेदात लिहावे. मालीच्या बाबतीत २०१२ मध्ये उत्तर भाग बंडखोरांच्या व जिहादी गटांच्या हाती गेला, त्याच वर्षी मार्चमध्ये राजधानीत लष्करी उठाव झाला आणि जानेवारी २०१३ मध्ये फ्रान्सने सैन्य उतरवले, एवढे पुरेसे आहे.

यापुढचा भाग सर्वांत महत्त्वाचा असून त्याला निम्मी जागा द्यावी. सैन्याच्या संख्येचा आकडा दिसला की तो कोणी मोजला, हे विचारावे. रोजगार हमीच्या कामावर मस्टर कसे भरले जाते, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. मस्टरवर नाव असते, मजुरी उचलली जाते, पण त्या नावाचा माणूस खोदकामावर कधी दिसत नाही. इराकमध्ये जून २०१४ मध्ये मोसुल शहर संख्येने कितीतरी कमी असलेल्या हल्लेखोरांपुढे पडले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पंतप्रधान हैदर अल-अबादी यांनी सैन्यात केवळ पगारापुरती अस्तित्वात असलेली ५०,००० नावे सापडल्याचे सांगितले. अफगाण सुरक्षा दले कागदावर ३ लाखांच्या घरात होती, तरीही १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. म्हणून टिपणात "प्रशिक्षित" या शब्दाशेजारी "हजर" आणि "पगार मिळालेला" असे आणखी दोन रकाने आखावेत. हाती पगार पडत नसलेला आणि ठाण्यावर वेळेवर धान्य व दारूगोळा पोहोचत नसलेला शिपाई उत्तम नेमबाज झाला तरी किती दिवस उभा राहील, याचा विचार विद्यार्थ्याने स्वतः करावा.

याच भागात दुरुस्तीचा मुद्दा येतो. अफगाण वायुदलाचे तंत्रज्ञ जुन्या रशियन बनावटीच्या एमआय-१७ हेलिकॉप्टरची बरीचशी देखभाल स्वतः करू शकत होते. त्या हेलिकॉप्टरच्या जागी अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आणल्यावर ते काम परदेशी कंत्राटदारांवर अवलंबून राहिले आणि २०२१ मध्ये ते कंत्राटदार निघून गेल्यावर हेलिकॉप्टर हवेत ठेवणे कठीण झाले. ज्या यंत्राचा मिस्त्री तालुक्याला मिळत नाही, ते यंत्र ऐन पेरणीत बंद पडले तर काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

आता भाषा पाहावी. मालीच्या सैन्यातील कामकाजाची भाषा फ्रेंच होती, अनेक शिपायांची रोजची भाषा बांबारा होती आणि प्रशिक्षक वीसहून अधिक देशांतून आलेले होते. आपल्या गडचिरोलीतील सी-६० पथक १९९० मध्ये उभारताना गोंडी, माडिया बोलणारे आणि जंगल जाणणारे स्थानिक तरुण निवडले गेले. ते आपल्याच राज्याचे पोलीस पथक असल्यामुळे तुलना एका मर्यादेपलीकडे नेऊ नये, तथापि माणूस कोठून निवडला आणि त्याला कोणत्या भाषेत शिकवले, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

प्रशिक्षक अनेक असतील तर त्यांची नावे एकाखाली एक लिहावीत. सोमालियाच्या सैन्यासाठी युरोपीय संघाची मोहीम २०१० मध्ये प्रथम युगांडाच्या भूमीवर सुरू झाली, दनाब हे कमांडो दल अमेरिकेने घडवले, तुर्कस्तानने २०१७ मध्ये मोगादिशूत स्वतःचा तळ उघडला आणि संयुक्त अरब अमिरातीने आपला कार्यक्रम २०१८ मध्ये आवरता घेतला. इतक्या हातांनी घडलेल्या पलटणी एकाच सेनापतीचा हुकूम मानतील का, हा प्रश्न त्या यादीतूनच उभा राहतो.

शेवटच्या पानावर प्रशिक्षित सैन्य कोणाच्या आज्ञेत राहिले, ते लिहावे. हा मुद्दा विद्यार्थी संकोचाने टाळतात, पण तो टाळू नये. मालीत २०१२ चा उठाव करणारे कॅप्टन अमादू सानोगो यांनी स्वतः अमेरिकेत प्रशिक्षण घेतले होते. युरोपीय मोहीम चालू असतानाच ऑगस्ट २०२० आणि मे २०२१ मध्ये तेथे आणखी दोन उठाव झाले, रशियन भाडोत्री सैनिक आले, २०२२ मध्ये युरोपीय संघाने लढाऊ प्रशिक्षण थांबवले आणि मे २०२४ मध्ये मोहीम संपली. शस्त्र चालवणे काही आठवड्यांत शिकवता येते, परंतु नागरी सरकारच्या आज्ञेत राहण्याची सवय त्या देशातील न्यायालये, संसद आणि अधिकाऱ्यांच्या बढतीचे नियम यांतून घडत जाते, असे माझे ठाम मत आहे.

टिपण पूर्ण झाल्यावर ते गावातील एखाद्या निवृत्त सुभेदारांना किंवा हवालदारांना वाचून दाखवावे. रसद, हजेरी आणि पगार या रकान्यांत काय राहून गेले, ते त्यांच्या लगेच लक्षात येते. त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्या वेगळ्या शाईने त्याच पानाच्या समासात लिहाव्यात आणि मोहिमेची मुदत वाढली किंवा संपली की तारखेसह तेथेच नोंद करावी.