जनुक काढलेल्या पेशीचे मॉडेल संगणकावर चालवताना या चुका टाळा

सिंधुदुर्गात काजूची बी काढून घेतली की बोंडूंचा मोठा भाग बागेतच कुजतो. त्या बोंडूच्या रसातील ग्लुकोज आणि फ्रुक्टोजवर यीस्ट वाढवून इथेनॉलऐवजी अधिक किमतीचा पदार्थ मिळेल का, हा विषय आमच्याकडे प्रकल्पासाठी येणारे विद्यार्थी वारंवार निवडतात, आणि प्रयोगशाळेत खर्च करण्यापूर्वी कोब्रापायसारख्या, म्हणजे पेशीतील अभिक्रियांचे मॉडेल सोडवून ती किती वेगाने वाढेल हे सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जनुके काढून पाहणे हा त्यासाठी स्वस्त आणि योग्य मार्ग आहे. मात्र मिळालेल्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी काही गोष्टी तपासाव्या लागतात.

गेल्या पावसाळ्यात एका विद्यार्थिनीने ई. कोलाय या जिवाणूच्या छोट्या शिकाऊ मॉडेलमधील सर्व 137 जनुके एकेक करून काढली आणि सुरुवातीची थोडी सोडता बाकी सगळी जनुके जीवनावश्यक आहेत, असा तक्ता आणून दाखवला. चूक साधी होती. काढलेले जनुक ती परत बसवत नव्हती, त्यामुळे विसाव्या फेरीत एक नव्हे तर वीस जनुके नसलेली पेशी तपासली जात होती. प्रत्येक नॉकआउट (म्हणजे जनुक काढणे) पायथनमधील ‘विथ मॉडेल’ या चौकटीत केल्यास चौकटीबाहेर येताच बदल आपोआप पुसले जातात. फेऱ्या संपल्यावर मूळ मॉडेल पुन्हा सोडवून पाहावे. ग्लुकोज घेण्याची मर्यादा 10 एककांवर (एकक म्हणजे पेशींच्या एक ग्रॅम कोरड्या वजनामागे ताशी मिलिमोल) आणि ऑक्सिजन खुला असताना या मॉडेलचा वाढीचा दर ताशी 0.874 येतो, आणि तो तसा आला नाही तर आधीचा सगळा तक्ता बाद समजावा. (जनुकांच्या जोड्या काढायच्या असतील तर त्या 9,316 होतात; आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा निकाल मधूनमधून फाइलीत उतरवत जावेत.)

त्याच तक्त्यात आणखी एक घोळ होता. सॉल्व्हरला (मॉडेलचे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामला) उत्तर सापडले नाही, तिथे तिने रिकाम्या जागी शून्य भरले होते. वाढ शून्य येणे वेगळे आणि गणितच न सुटणे वेगळे. या मॉडेलमध्ये पेशीने जगण्यापुरते 8.39 एकक एटीपी (पेशीतील ऊर्जेचे चलन) खर्च केलेच पाहिजे अशी अट आहे. तेवढेही बनत नसेल तर गणित सुटत नाही. म्हणून आकड्याबरोबर सॉल्व्हरने दिलेली स्थितीही नोंदवावी.

जनुक आणि अभिक्रिया यांची गल्लत ही मला सर्वाधिक वेळा दिसणारी चूक आहे. फॉस्फोफ्रुक्टोकायनेज या साखर मोडण्याच्या वाटेवरील एन्झाइमची अभिक्रिया पीएफकेए किंवा पीएफकेबी यांपैकी कोणत्याही एका जनुकावर चालते, त्यामुळे एकटे पीएफकेए काढल्यास दर 0.874 वरच राहतो. दोन्ही काढल्यावर तो 0.704 पर्यंत उतरतो. जो विद्यार्थी थेट अभिक्रियाच बंद करतो आणि अहवालात ‘पीएफकेए काढले’ असे लिहितो, त्याचा आकडा बरोबर असून विधान खोटे ठरते. उलट सक्सिनेट डिहायड्रोजिनेजच्या चार जनुकांमध्ये ‘आणि’ आहे, तेथे एक गेले तरी अभिक्रिया थांबते. यीस्टमध्ये इथेनॉलची वाट अडवण्यासाठी एकटे पीडीसी1 काढणाऱ्यांनी तेच काम करणारी पीडीसी5 आणि पीडीसी6 ही जनुके विसरू नयेत.

माध्यमाची बाब त्याहून फसवी आहे. आंबवण्याच्या टाकीत ऑक्सिजन संपतो म्हणून मॉडेलमध्येही तो बंद केला जातो, वाढ शून्यावर येते आणि दोष काढलेल्या जनुकाला दिला जातो. यीस्टला ऑक्सिजनशिवाय एर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्ले बनवता येत नाहीत, ती प्रत्यक्षातही बाहेरून द्यावी लागतात आणि मॉडेलमध्येही. त्यामुळे कोणतेही जनुक काढण्याआधी बदल न केलेले मॉडेल त्याच माध्यमात वाढते का, हे पाहावे.

बाहेरचे जनुक घालताना नवी अभिक्रिया वस्तुमान आणि विद्युतभार यांच्या दृष्टीने जुळते का, हे तपासावे. सर्व अन्नस्रोत बंद करून, एटीपीची किमान अट काढून टाकून जास्तीत जास्त किती एटीपी खर्चता येते हे मोजल्यास उत्तर शून्य यायला हवे. तसे आले नाही तर तुमची पेशी हवेवर जगत आहे. नव्या पदार्थाला बाहेर पडण्याची वाटही द्यावी, अन्यथा त्याचा प्रवाह (अभिक्रिया चालण्याचा वेग) शून्यच राहतो. जनुकाचे प्रमाण वाढवले, असे दाखवण्यासाठी अभिक्रियेची वरची मर्यादा 1000 वरून 2000 करण्याने काहीही घडत नाही, कारण साध्या प्रवाह-संतुलनाला (मॉडेल सोडवण्याच्या या नेहमीच्या पद्धतीला) एन्झाइम किती आहे हे ठाऊकच नसते. त्यासाठी गेकोसारखी, एन्झाइमच्या मर्यादा घालणारी पद्धत लागते.

जनुक काढल्यावर पेशी लगेच नव्या सर्वोत्तम स्थितीला पोचते, हे गृहीतकही तपासावे. त्यासाठी 2002 मध्ये मांडलेली मोमा ही पद्धत मूळ प्रवाहांपासून कमीत कमी ढळणारे उत्तर शोधते. शेवटी, एकाच वाढीच्या दराला प्रवाहांची अनेक उत्तरे असू शकतात, म्हणून वाढ कमाल दरावर स्थिर ठेवून हव्या त्या पदार्थाची किमान आणि कमाल निर्मिती मोजावी. किमान शून्य आली, तर पेशी तो पदार्थ अजिबात न बनवता तेवढीच वाढू शकते. असा आराखडा घेऊन मी कोणालाही बोंडूचा रस गाळायला बसवत नाही.