हिरा घेताना आधी कट बघा, मग वजन

सराफाच्या दुकानातल्या स्पॉटलाइटखाली कुठलाही हिरा लखलखतो. म्हणून तो खिडकीशी, साध्या उजेडात न्यायला सांगा. चांगला सराफ नाही म्हणत नाही. कट, म्हणजे पैलूंची घडण, कळण्यासाठी वरून सरळ पाहा. मधोमध काळपट डाग दिसला तर हिरा प्रमाणाबाहेर खोल कापलेला असतो, आणि कडेच्या आत राखाडी कडं दिसलं तर फार उथळ.

खोल हिऱ्यात वजन तळाशी दडतं. 1 कॅरेटचा (0.2 ग्रॅम) नीट कापलेला गोल हिरा साधारण 6.4 ते 6.5 मिमी व्यासाचा भरतो. तेवढ्याच वजनाचा हिरा 6.1 मिमी असेल, तर न दिसणाऱ्या वजनाचे पैसे तुम्ही मोजताय. प्रमाणपत्रावर मिलिमीटरमधली मापं असतात, ती जरूर वाचा. जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या गोल हिऱ्यांच्या प्रमाणपत्रावर कटची श्रेणीही असते. तिथे ‘एक्सलंट’ या सर्वोच्च श्रेणीच्या खाली, माझ्या मते, उतरू नये. रंगाच्या श्रेणीत एखादी पायरी खाली आलात तरी चालेल.

भावाचं म्हणाल तर 1 कॅरेटला दर एकदम उडी घेतो. 0.90 ते 0.95 कॅरेटचा, उत्तम कटचा हिरा मागा. बोटात फरक कळत नाही, बिलात कळतो.