मिजेटमधलं रोटरी तापायचं थांबलं

इंग्लंडमध्ये माझ्या एमजी मिजेट या छोट्या स्पोर्ट्स कारमधलं १२७५ सीसीचं इंजिन काढून माझदाचं १२ए रोटरी इंजिन बसवलं, ज्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात. प्रत्येकी ५७३ सीसीचे दोन रोटर, लांबीला आखूड. फक्त गिअरबॉक्ससाठी टनेल, म्हणजे गाडीच्या तळातला मधला उंचवटा, कापून रुंद करावा लागला. पळायला झकास, पण चढावर तापमानाचा काटा वर सरकायचा. मोठा रेडिएटर घातला, फरक जेमतेम. खरी मेख ऑइलमध्ये होती. रोटरीत ऑइल नुसतं वंगण नसतं, ते रोटरच्या पोटात फिरून उष्णता बाहेर काढतं. मग ग्रिलमागे मोठा ऑइल कूलर लावला, हवा कडेने निसटू नये म्हणून ॲल्युमिनियमच्या पत्र्याने फटी बुजवल्या. आता काटा मध्यावर टिकतो. कूलरवर पैसे वाचवू नका. रोटरी एकदा सणकून तापलं की आतली सीलं जातात आणि अख्खं इंजिन उघडावं लागतं.