तेलाची आयात घटली, तर कारण कुठे शोधावे?

वडोदऱ्यातल्या पुष्कळ मराठी घरांत उन्हाळ्यात वर्षाचे गहू भरण्याची रीत अजून टिकून आहे. गव्हाला दिवेल (एरंडेल) चोळायचे, कोठी भरायची आणि पुढचे दहा-अकरा महिने धान्याच्या दुकानात गव्हासाठी पाऊल टाकायचे नाही. अशा घराची श्रावणातली खरेदीची वही पाहून ‘या घरात पोळ्या होईनाशा झाल्या’ असा निष्कर्ष कोणी काढत नाही. देशाच्या तेल-आयातीचा आकडा खाली आला की मात्र ‘मागणी मंदावली’ हे उत्तर आपण सहज स्वीकारतो. ते कधी कधी खरेही असते, पण इतर कारणे तपासून बाजूला सारल्याखेरीज ते मान्य करू नये. तपासणीसाठी पुढील क्रम मला उपयोगी वाटतो.

प्रथम नेमके काय घटले ते पाहावे. तेलाचे वजन टनांत मोजतात, आकारमान पिंपांत आणि बिल डॉलरमध्ये किंवा रुपयांत. बातमीच्या मथळ्यात यांपैकी काय आहे, हे पुष्कळदा मजकुराच्या तळाशी सापडते. भारताने 2022-23 आणि 2023-24 या दोन्ही वर्षांत प्रत्येकी सुमारे 23 कोटी टन कच्चे तेल आयात केले, म्हणजे प्रमाण जवळपास तेवढेच राहिले. परंतु बिल सुमारे 157 अब्ज डॉलरवरून सुमारे 133 अब्ज डॉलरवर आले, कारण भाव उतरले होते. ‘आयात घटली’ हे वाक्य बिलापुरते खरे होते, तेलापुरते नव्हते. त्यातच रुपया घसरला असेल, तर डॉलरमधली घट रुपयांत आणखी लहान दिसते. म्हणून टनांचा आकडा हाती येईपर्यंत पुढे जाऊ नये.

त्यानंतर दिनदर्शिका उघडावी. जानेवारीचे 31 दिवस आणि फेब्रुवारीचे 28, एवढ्यानेच महिन्याच्या आकड्यात जवळजवळ दहा टक्क्यांचा फरक पडतो. यासाठी महिन्याच्या बेरजेऐवजी रोजची सरासरी काढावी. शिवाय तेल नळाच्या पाण्यासारखे येत नाही, जहाजाने येते. मोठ्या तेलवाहू जहाजात सुमारे 20 लाख पिंपे, म्हणजे अदमासे 2 लाख 70 हजार टन तेल मावते. भारताची महिन्याची आयात साधारण दोन कोटी टन धरली, तर वादळी हवेमुळे तीन जहाजे 31 तारखेऐवजी पुढच्या महिन्याच्या 2 तारखेला रिकामी झाली तरी पहिला महिना चार टक्के ‘घटलेला’ दिसतो. एका महिन्यावर मत बनवण्यापेक्षा तीन महिन्यांची सरासरी मागील वर्षाच्या त्याच तीन महिन्यांशी ताडून पाहणे बरे.

आता मुख्य हिशेब. कागदावर एवढेच लिहावे: रिफायनऱ्यांनी शुद्ध केलेले तेल म्हणजे आयात, अधिक देशातले उत्पादन, अधिक साठ्यातून काढलेले तेल, साठा वाढला असेल, तर तेवढे वजा. पेट्रोलियम मंत्रालयाचा पेट्रोलियम नियोजन व विश्लेषण कक्ष आयात, उत्पादन, शुद्धीकरण आणि विक्री यांचे आकडे दरमहा प्रसिद्ध करतो. ते या ओळीत भरावेत. साठ्याचा आकडा सहज मिळत नाही, परंतु बाकीचे तीन भरले की त्याचा अंदाज बांधता येतो, आणि माझ्या मते सगळ्या गैरसमजांचे मूळ याच जागी आहे. भाव पडलेले असताना देश कोठी भरतात आणि चढल्यावर ती उपसतात. एप्रिल-मे 2020 मध्ये टाळेबंदीमुळे तेलाचा खप कोसळला होता, तरीही भारताने स्वस्त तेल घेऊन विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर येथील भूमिगत साठे भरून घेतले. त्यांची एकूण क्षमता 53 लाख टनांहून थोडी अधिक आहे. याची उलट बाजू चीनमध्ये दिसली. 2021 साली चीनची कच्च्या तेलाची आयात सुमारे पाच टक्क्यांनी घटली, जवळपास दोन दशकांतली ती पहिली वार्षिक घट होती. पण त्यामागे साठ्यांतून काढलेले तेल आणि लहान खासगी रिफायनऱ्यांच्या आयात-कोट्यावर सरकारने आणलेली टाच ही मोठी कारणे होती.

रिफायनरीकडे पाहणे वडोदऱ्याच्या माणसाला अवघड जाऊ नये. कोयलीची रिफायनरी 1965 साली सुरू झाली ती गुजरातमध्येच सापडलेल्या तेलासाठी. आज तिथे किनाऱ्यावरून पाइपलाइनने आलेले आयात तेलही शुद्ध होते. अशा रिफायनरीचे एखादे मोठे युनिट देखभालीसाठी काही आठवडे शटडाउनवर गेले, तर कच्च्या तेलाची गरज तेवढ्यापुरती कमी होते, मात्र रावपुऱ्यातला स्कूटरवाला पूर्वीइतकेच पेट्रोल भरत राहतो. रिफायनरी कायमची बंद झाली, तर चित्र आणखी फसवे होते. ऑस्ट्रेलियात 2012 पासून क्लाइड, कर्नेल, बुलवर आयलंड, क्विनाना आणि अल्टोना येथील रिफायनऱ्या एकामागून एक बंद झाल्या. कच्च्या तेलाची आयात घसरली आणि तयार पेट्रोल-डिझेलची वाढली. तेव्हा कच्चे तेल आणि तयार माल यांची आयात नेहमी एकत्र मांडावी. भारतात निर्यातीचा रकानाही हवा, कारण जामनगरसारख्या ठिकाणी शुद्ध होणाऱ्या तेलाचा मोठा भाग पुन्हा परदेशी जातो, आणि परदेशी गिऱ्हाईक कमी झाले तर देशातला खप न हलताही आयात कमी होऊ शकते.

देशातले उत्पादन वाढणे हे कारण अमेरिकेला लागू पडते, आपल्याला नाही. अमेरिकेची पेट्रोलियमची निव्वळ आयात 2005 मध्ये रोज सव्वा कोटी पिंपांच्या आसपास होती. शेल खडकातून तेल निघू लागले आणि 2020 साली तोच देश निव्वळ निर्यातदार ठरला. भारतातले उत्पादन उलट गेल्या दशकभरात घटत आले आहे, त्यामुळे आपल्याकडच्या घटीला हे कारण जोडणाऱ्या लेखाकडे संशयाने पाहावे. इथेनॉलचा हिशेबही जपून करावा. पेट्रोलमधले त्याचे प्रमाण 2022 मध्ये दहा टक्के आणि 2025 मध्ये वीस टक्के झाले हे खरे, परंतु एका पिंपातून पेट्रोल, डिझेल, नाफ्ता आणि डांबर एकत्रच निघतात. वाचलेल्या पेट्रोलइतके कच्चे तेल वाचलेच असे नाही, कारण डिझेलसाठी ते पिंप आणावेच लागते आणि उरलेले पेट्रोल निर्यात होते.

पैसा आणि राजकारण यांची तपासणी थोडक्यात होते. 2022 मध्ये श्रीलंकेत पंपांवर मैलभर रांगा होत्या, म्हणजे मागणी होतीच, परंतु जहाजाचे पैसे चुकते करायला परकीय चलन उरले नव्हते. अमेरिकेच्या निर्बंधांमधली सवलत मे 2019 मध्ये संपल्यावर भारताने इराणचे तेल घेणे थांबवले. तेव्हा इराणच्या रकान्यातली घट पाहताना इतर देशांचे रकाने वाढले का, हे लगेच पाहावे.

देशनिहाय आकडे वापरताना आणखी एक सावधगिरी हवी. चीनच्या सीमाशुल्क खात्याच्या नोंदींत 2022 नंतर इराणचे तेल जवळपास दिसतच नाही, आणि मलेशियाकडून आलेले तेल मात्र मलेशियाच्या स्वतःच्या उत्पादनापेक्षा जास्त दिसते, म्हणजे दुसऱ्या देशाचे तेल मलेशियाच्या नावावर नोंदले जात असावे. अशा ठिकाणी विकणाऱ्या देशाची निर्यात आणि घेणाऱ्या देशाची आयात शेजारी-शेजारी लिहून ताडावी. शिवाय चालू महिन्याचे आकडे तात्पुरते असतात, म्हणून दोन महिन्यांनी तेच कोष्टक पुन्हा उघडून पेन्सिलीने लिहिलेले आकडे दुरुस्त करावेत.