अडेनियमचं खोड पावसाळ्यात असं जपा

अडेनियम मूळचं आफ्रिका आणि अरबस्तानच्या कोरड्या भागातलं. त्याचं फुगीर खोड म्हणजे पाण्याची टाकीच. आपल्याकडे ते उन्हाने क्वचितच मरतं. पावसाळ्यात मात्र साचलेल्या पाण्याने मुळांना हवा मिळत नाही आणि कूज खोडात चढते.

पाऊस सुरू होण्याआधी कुंडी छपराखाली, पण उजेडाच्या जागी हलवा. खालची ताटली काढून टाका, ती घात करते. मातीत निम्मी तरी जाडसर वाळू किंवा विटांचा चुरा हवा. वरची 5 सेंटिमीटर माती कोरडी झाल्यावरच पाणी द्या.

आठवड्यातून एकदा खोड बोटाने दाबून बघा. सगळीकडून थोडं मऊ आणि माती कोरडी असेल, तर झाड तहानलेलं आहे. एकाच जागी लिबलिबीत लागलं तर ती कूज. अशा वेळी झाड उपटून, निरोगी फिकट गर दिसेपर्यंत धारदार सुरीने कापा, बुरशीनाशक पूड लावा, सावलीत आठवडाभर सुकवा आणि कोरड्या मिश्रणात लावा. पहिलं पाणी 4-5 दिवसांनी. चीक विषारी असतो, हातमोजे घालाच.

थंडीत पानं गळली तर घाबरून पाणी वाढवू नका; झाड विश्रांती घेतंय.