ले-आऊटचा नकाशा हातात आला की आधी पट्टी काढा

१९९८ साली आयटीआयचा आरेखकाचा ट्रेड करून मी एका आर्किटेक्टकडे लागले. तेव्हा नकाशे ट्रेसिंग पेपरवर काढायचो आणि अमोनिया प्रिंट मारून आणायचो. प्रिंट ताजी असली की त्या वासाने डोळ्यांतून पाणी यायचं. आता सगळं काम ऑटोकॅडवर चालतं आणि अर्जही ऑनलाइन जातो. पण नगररचनेच्या त्रुटी पूर्ण करणं, फाइल कुठे अडली ते बघणं, मंजुरीचं पत्र आणून पार्टीच्या हातात देणं, हे माझ्याकडेच आहे. आणि महिन्याकाठी कुणी ना कुणी मोबाइलवर फोटो पाठवतंच, "ताई, प्लॉट घेतोय. मंजूर ले-आऊट आहे म्हणतात. जरा बघता का?" प्रत्येकाला तेच तेच सांगून थकले, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

ले-आऊट म्हणजे मोठ्या जमिनीचे प्लॉट, रस्ते आणि खुली जागा कशी पाडायची त्याचा नकाशा. माझा पहिला प्रश्न असतो, तो मंजूर कुणी केलाय? यावर निम्मे लोक गप्प होतात. महापालिका, नगरपालिका किंवा नगरपंचायतीच्या हद्दीत ती ती संस्थाच नियोजन प्राधिकरण असते. मोठ्या शहरांभोवती बरेचदा प्रदेश विकास प्राधिकरण असतं. बाकी ग्रामीण भागात, जिथे प्रादेशिक योजना लागू आहे तिथे, नगररचना शाखेचं म्हणणं घेऊन जिल्हाधिकारी कार्यालय परवानगी देतं. ग्रामपंचायतीचा ठराव दाखवून "मंजूर आहे" असं कुणी म्हणालं तर चहा प्या आणि घरी या. गावठाणाबाहेरची शेतजमीन पाडून प्लॉट करायला ग्रामपंचायत मंजुरी देऊ शकत नाही, मग सरपंचांची सही कितीही मोठी असो.

दुसरा घोळ "एनए" या शब्दाचा. एनए म्हणजे बिनशेती, आणि तो महसूल खात्याचा विषय. जमिनीचे प्लॉट कसे पाडायचे, रस्ता किती रुंद, खुली जागा कुठे, हा नगररचनेचा विषय. पहिल्याचा कायदा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, दुसऱ्याचा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. दोन्ही १९६६ चे, म्हणून दोन्ही एकच आहेत असं समजणारे वकीलसुद्धा मी पाहिलेत. २०१४ नंतर विकास आराखड्यातल्या जमिनींसाठी वेगळ्या एनए परवानगीची अट हळूहळू सैल होत गेली. त्यामुळे नुसतं "एनए झालंय" म्हटल्याने हल्ली काहीच कळत नाही. अख्खा गट बिनशेती असेल आणि त्यातला एकही प्लॉट मंजूर नसेल, असं सर्रास असतं.

तेव्हा सुरुवात झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात येते ते) आणि भाग नकाशा (आराखड्यातला तुमच्या जमिनीपुरता भाग) यांच्यापासून करा. गट नंबर किंवा सर्व्हे नंबर टाकून अर्ज केला की नगररचना विभाग दोन्ही देतो. आराखड्याच्या नकाशावर रहिवास विभाग पिवळा असतो, शेती विभाग हिरवा, व्यापारी निळा. रंगावर समाधान मानू नका. तुमच्या गटातून आखलेला रस्ता जातो का आणि आरक्षणाची हद्द गटाला कुठे चाटून जाते का, ते बोट फिरवून बघा. गटाचा पाऊण भाग पिवळा आणि उरलेल्या पावावर शाळेचं आरक्षण, अशा जमिनीत विकणारा नेहमी पिवळ्याबद्दलच बोलतो.

सातबाराही बघायचाच, पण तो कसा वाचायचा हे गावात कुणीही सांगेल, म्हणून थोडक्यात. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, ते बघा. वर्ग २ असेल तर विक्रीआधी सरकारची परवानगी लागते. "इतर हक्क" हा रकाना शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. आणि एक-दोन गुंठे सरळ शेतातून तोडून घेत असाल तर १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची माहिती करून घ्या. २०२३ च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते) २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे ठरलं. जुन्या तुकड्यांना सरकार वेळोवेळी सवलत देत आलंय. पण व्यवहार नियमित झाला म्हणून त्यावर घर बांधायची परवानगी आपोआप येत नाही. ती प्राधिकरणाकडे वेगळी मागावी लागते, आणि तिथे पहिला प्रश्न येतो पोहोच रस्त्याचा.

आता नकाशा. ही गोष्ट मी घरातल्याच उदाहरणावरून सांगते, कारण त्यात शिकण्यासारखं बरंच आहे.

माझ्या धाकट्या दिरांनी एका ले-आऊटमध्ये प्लॉटचा इसार दिला आणि मग मला नकाशाची झेरॉक्स आणून दाखवली. (आधी का नाही दाखवली, असं मी विचारलं नाही. सासूबाईंनी विचारलं.) मी झेरॉक्स स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली आणि लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. मूळ नकाशा १:५०० प्रमाणाचा होता, तसं खाली छापलेलंच होतं. म्हणजे ९ मीटरचा रस्ता कागदावर १८ मिलिमीटर भरायला हवा. पण झेरॉक्सवर पट्टी थेट लावायची नसते. ए-थ्रीचा कागद ए-फोरवर उतरवला की सगळं साधारण ७१ टक्के होतं. म्हणून आधी माप लिहिलेली एखादी बाजू मोजायची. एका प्लॉटची दर्शनी बाजू १२ मीटर लिहिली होती, ती २४ मिलिमीटर यायला हवी. आली १७. म्हणजे झेरॉक्स लहान केलेली आहे, आणि त्या हिशेबाने ९ मीटरचा रस्ता १३ मिलिमीटरच्या आसपास हवा. रस्ता बरोबर निघाला. भाऊजींचा चेहरा खुलला.

मग मी क्षेत्राचा तक्ता शोधायला लागले. प्रत्येक ले-आऊट नकाशावर तो असतो, बहुधा उजव्या बाजूला. एकूण क्षेत्र किती, रस्त्याखाली किती, खुली जागा किती, प्लॉटखाली निव्वळ किती. झेरॉक्सवर तो नव्हता. कागदाची उजवी कड कापली गेली होती, की मुद्दाम कापली होती, देव जाणे. नकाशावर २५ प्लॉट होते. पहिल्या २२ प्लॉटचे आकडे छापील, एकसारखे. २३, २४, २५ हे आकडे मात्र किंचित तिरके, आणि त्यांच्यामधल्या रेषा बाकीच्या रेषांपेक्षा जाड. भाऊजींचा प्लॉट होता २४.

दुसऱ्या दिवशी नक्कल मागायचा अर्ज केला. प्रमाणित प्रत हातात आली त्यात तक्ता जागेवर होता. एकूण ८,००० चौरस मीटर, रस्ते १,७६०, खुली जागा ८००, प्लॉट ५,४४०. आणि प्लॉट २२. ज्याला २३, २४ आणि २५ म्हणत होते ती खुली जागा होती. राज्यात बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आऊटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावीच लागते. ती सगळ्या प्लॉटधारकांसाठी असते, विकता येत नाही. इसाराचे अर्धेच पैसे परत मिळाले, तेही वर्षभर चकरा मारल्यावर.

तेव्हा विकणाऱ्याने दिलेली झेरॉक्स ही जाहिरात समजा. प्रमाणित प्रत स्वतः काढा. साध्या अर्जावर देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "ले-आऊटची सर्व माहिती द्यावी" असं मोघम लिहू नका. गट नंबर टाका आणि "मंजुरीचा आदेश, मंजूर नकाशा आणि त्यानंतरचे सुधारित आदेश" असं लिहून प्रती मागा. "सुधारित" हा शब्द विसरू नका. नकाशा एकदा मंजूर झाल्यावर दोनदा बदललेला असू शकतो.

नकाशाबरोबर आदेशाचं पत्र येतं. लोक पहिल्या पानावरचा विषय आणि शेवटची सही बघून ते फाइलला लावतात. मी आधी मधली पानं वाचते, कारण अटी तिथे असतात. सगळ्यांत महत्त्वाचा शब्द आहे "तात्पुरती". ले-आऊटला आधी तात्पुरती मंजुरी मिळते. मग मालकाने जागेवर रस्ते आखायचे, गटारं आणि बाकीच्या सोयी करायच्या, भूमी अभिलेखकडून मोजणी करून घ्यायची, आणि त्या मोजणीप्रमाणे अंतिम मंजुरी घ्यायची. मधल्या काळात प्लॉट विकू नयेत अशी अट आदेशात बहुधा असतेच, आणि नेमके तेव्हाच प्लॉट सगळ्यांत स्वस्त मिळत असतात. स्वस्त का, ते आता कळलं असेल.

मुदतही बघा. परवानगी एक वर्षाची असते. पुढे दर वर्षी वाढवून घेता येते, पण वाढीव मुदत एकूण तीन वर्षांच्या वर जात नाही. सहा वर्षांपूर्वीची तात्पुरती मंजुरी फ्रेम करून ऑफिसात लावलेली मी पाहिली आहे. भिंतीवर छान दिसत होती.

जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि प्लॉट आठपेक्षा जास्त, तर रेराची, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याखालची, नोंदणीही लागते. तो नंबर घेऊन महारेराच्या संकेतस्थळावरचा नकाशा तुमच्या प्रमाणित प्रतीशेजारी ठेवा. दोन्हींतली प्लॉटची संख्या मोजायला पाच मिनिटं पुरतात.

आता जमीन तुमचीच असेल आणि अर्जही तुम्हीच केला असेल तर. साठ दिवसांत निर्णय आला नाही की परवानगी मिळाली असं मानता येतं, हे नगररचना अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये आहे, आणि ते अर्धवट ऐकून लोक जेसीबी बोलावतात. दोन गोष्टी लक्षात घ्या. कार्यालयाने त्रुटी काढली आणि तुम्ही उत्तर दिलं, तर साठ दिवस त्या उत्तरापासून मोजतात. आणि काम आराखड्याच्या किंवा नियमांच्या विरुद्ध असेल तर मानीव परवानगीचा काहीही उपयोग नाही. म्हणून त्रुटींची उत्तरं तुकड्यातुकड्याने देऊ नका. पत्रात सात मुद्दे असतील तर सातही एकदम पूर्ण करा आणि पोच घ्या. आमचे सर म्हणतात, "आवक नंबर नाही तर अर्ज नाही."

नामंजुरी आली तर कारण लेखी असायला हवं, तसं कायद्यातच आहे. कारण वाचल्यावर आधी रागाने अपील करायचं डोक्यात येतं. जरा थांबा. पोहोच रस्ता अपुरा, मोजणी नकाशा आणि सातबारा यांच्या क्षेत्रात फरक, सहधारकाची संमती नाही, अशी कारणं असतील तर ती दुरुस्त करून पुन्हा अर्ज करणं कमी वेळाचं आणि कमी खर्चाचं. क्षेत्राच्या फरकात तर मोजणीची "क" प्रत, म्हणजे भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा, जोडली की बरेचदा विषय संपतो. पण नियमाचा अर्थच चुकीचा लावलाय असं वाटत असेल तर त्याच अधिनियमाच्या कलम ४७ खाली शासनाकडे अपील करा. निर्णय कळवल्यापासून चाळीस दिवसांच्या आत. पत्रावरची तारीख आणि पत्र तुमच्या हाती आल्याची तारीख वेगळी असते, म्हणून पाकीट फेकू नका. त्यावर पोस्टाचा शिक्का असतो.

हे अपील अर्जदारासाठी आहे. शेजारी म्हणून तुमची हरकत असेल, म्हणजे नव्या ले-आऊटने तुमच्या शेताची वहिवाट बुजवली किंवा ओढा रेघेत ओढून घेतला, तर प्राधिकरणाकडे लेखी हरकत द्या. खोटी माहिती देऊन मिळवलेली परवानगी रद्द करता येते. हरकत एका पानाची असू दे. गट नंबर, नकाशावर लाल पेनाने केलेली खूण, आणि वहिवाटीचा जो काही जुना पुरावा असेल तो. एकदा एका काकांनी सव्वीस पानं लिहून आणली होती, त्यात भाऊबंदकीची तीन पिढ्यांची हकीकत. ओढ्याचा उल्लेख एकविसाव्या पानावर. सुनावणीला बसलेल्या साहेबांनी चौथ्या पानावर फाइल मिटली.

अंतिम मंजुरीनंतर एक पायरी हमखास राहून जाते. कमी-जास्त पत्रक, म्हणजे आपलं कजाप, ज्यात मूळ गटाचं क्षेत्र नव्या प्लॉटांत वाटून नोंदवतात. भूमी अभिलेखने ते केलं, त्याचा फेरफार झाला, की मग प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र उतारा निघतो. रस्ते आणि खुली जागा यांचाही वेगळा उतारा निघतो. विकणाऱ्याकडे तो मागा. खुल्या जागेचा उतारा दाखवता आला, तर बाकीचं काम नीट झालं असण्याची शक्यता बरीच.

आणि स्वतःचा उतारा आला की क्षेत्राचा आकडा मंजूर नकाशाशी ताडून बघा. मागच्याच महिन्यात एका पार्टीच्या उताऱ्यावर २४५ चौरस मीटरचं २५४ झालेलं होतं. ती माणसं खूश होती, नऊ मीटर फुकट मिळाले म्हणून. मी त्यांना जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली लेखन प्रमादाच्या, म्हणजे लिहिण्यातल्या चुकीच्या, दुरुस्तीचा अर्ज तहसीलदारांकडे द्यायला लावला. उद्या कर्ज काढताना बँकेच्या वकिलाने नकाशा आणि उतारा शेजारी ठेवला असता, तर प्रकरण त्या नऊ मीटरवरच अडलं असतं.