विकिपीडियावरचे जुने लेख योग्य जागी कसे हलवायचे

मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, त्यामुळे सुरुवातीच्या काळातले बरेच लेख खरं तर ज्ञानकोशाचे नाहीतच, पाककृती आहेत, नुसते शब्दार्थ आहेत, अख्खी आरती टाकलेली आहे. असं दिसलं की लगेच डिलीट करायला धावू नका, कुणीतरी मन लावून टाईप केलंय ते.

आधी 'इतिहास' उघडा, कोणी काय लिहिलं ते बघा. मग चर्चा पानावर कारण लिहा आणि चावडीवर (सगळ्या सदस्यांच्या चर्चेचं पान) कळवा, बाकीच्यांनी पण नजर टाकायला हवी. जागा ठरवणं सोपं आहे, विकिपीडियाचे भावंड प्रकल्प आहेत ना, शब्दार्थ विक्शनरीत, पाककृती विकिबुक्समध्ये, जुनं साहित्य विकिस्रोतावर.

मी पुण्यात सदाशिव पेठेत बसून पुरणपोळीचा लेख बघत होते, अर्धा लेख "एक वाटी डाळ शिजवून घ्यावी" असाच, तेवढाच भाग विकिबुक्सचा, पदार्थाची माहिती मात्र विकिपीडियावरच राहायला हवी.

आणि प्लीज नुसतं कॉपी पेस्ट नको, त्याने लिहिणाऱ्यांची नावं हरवतात आणि लायसन्सप्रमाणे श्रेय द्यावंच लागतं, म्हणून प्रचालकाला (जास्तीचे अधिकार असलेल्या सदस्याला) इतिहासासकट आयात करायला सांगा.

विकिस्रोताला कॉपीराइट नीट तपासा, भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. तिथे स्कॅनशी ताडून पान तपासलं की त्याची खूण पिवळी होते आणि दुसऱ्या कुणी परत तपासलं की हिरवी, तेव्हा एखादा मित्र सोबत घ्याच.